३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि मग एकदम १

परवा रात्री एक नवीन प्रोग्रामिंग लँग्वेज शिकत बसले होते. शिकायचं म्हणजे काहीतरी फालतू, छोटासा प्रोग्राम लिहायचा असतो, तर मी ठरवलं की २ घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, जे येईल त्याचा परत वर्ग, परत वर्ग, आणि दर वेळी त्यात १ मिळवून स्क्रीनवर छापायचं. बस्स, चार ओळींचं काम. रन केलं तर आलं ३, ५, १७, २५७, ६५५३७, १, १, १, १...

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. चुकलं होतंच, पण चूक अशी होती की मी नंबर ठेवायला ३२ बिटांचा डबा घेतला होता, म्हणजे ज्यात फक्त ३२ शून्य-एक मावतात असा, आणि ३२ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा नंबर आहे ४२९४९६७२९५. मला छापायचा होता त्याच्यापेक्षा फक्त दोनने मोठा, ४२९४९६७२९७. दोनने! म्हणजे गाडी काठावरून घसरली आणि मीटर गोल फिरून परत शून्यावर आला, त्यात माझा १ मिळवला की १. आणि शून्याचा वर्ग शून्यच, म्हणून पुढे सगळे १ च १.

मग डबा बदलायचा सोडून मी त्या नंबरकडेच बघत बसले. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. मोठ्याने वाचलं तरी धाप लागते. पण बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिला तर एकदम साधासुधा, आधी १, मग ३१ शून्यं, मग परत १. म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. इंटरनेटचे जे जुने, टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांचे अ‍ॅड्रेस असतात ना, ते एकूण जितके होऊ शकतात त्याच्यापेक्षा बरोब्बर एक जास्त.

आणि हा नंबर गणितात बराच बदनाम आहे. म्हणजे खरं तर नंबर नाही, त्याच्यामुळे बदनाम झाला तो फर्मा, सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती.

झालं असं की आधीचे पाचही नंबर, ३, ५, १७, २५७, ६५५३७, मूळ संख्या आहेत. एकानेच भाग जातो नाहीतर स्वतःनेच. १६४० मध्ये फर्माने हे बघितलं आणि पत्रात लिहून मोकळा झाला की अशा पद्धतीने येणारे सगळेच नंबर मूळ असतात. पुरावा आपल्याकडे नाही हेही त्याने मान्य केलं, पण सूर असा की मी इतके भाजक बाद केलेत की आता शंका राहिलेली नाही. पुढे कित्येक वर्षं तो हेच धरून होता. आणि त्याच्या यादीतला या पाचांनंतरचा पहिलाच नंबर, म्हणजे आपला ४२९४९६७२९७, मूळ नाहीये.

२ च्या घातात १ मिळवून मूळ संख्या हवी असेल तर घाताचा आकडाही १, २, ४, ८, १६, ३२ असाच लागतो, हे फर्माला पक्कं माहीत होतं. घातात कुठे विषम अवयव आला की गडबड, उदाहरणार्थ २ चा ६वा घात ६४, अधिक १ म्हणजे ६५, लगेच ५ ने भाग जातो. म्हणजे त्याने हवेत बाण मारला नव्हता, चाळणी बरोबर लावली होती. फक्त चाळणीतून खाली पडलेलं सगळं सोनंच असणार असं धरून चालला.

मधे जवळजवळ नव्वद वर्षं कोणी काही बोललं नाही. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख नावाच्या गणितीने ऑयलर या दुसऱ्या गणितीला एका पत्रात सहज विचारलं की फर्माचं हे म्हणणं तुला माहीत आहे का. ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचा. आधी त्याने फारसं मनावर घेतलं नाही, पण गोल्डबाख चिवट होता. आणि १७३२ मध्ये ऑयलरने एका टिपणात लिहून टाकलं की याला ६४१ ने भाग जातो.

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

इतकंच. कसं शोधलं तेही तेव्हा सांगितलं नाही, ती रीत त्याने बऱ्याच वर्षांनी लिहिली. आणि खरी मजा त्या रीतीतच आहे, कारण माणूस ६४१ पर्यंत पोचला कसा? सरळ मार्गाने जायचं म्हटलं तर ६५५३६ च्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला लागतं, आणि त्या आहेत ६५४२. नशीब चांगलं म्हणून ६४१ लवकर लागतो, पण तो सुद्धा ११६ वा आहे. हाताने ११६ भागाकार, तेही दहा आकडी नंबरचे. माझ्याच्याने तर नाही व्हायचे.

ऑयलरने काय केलं ते बघा. समजा एखादी मूळ संख्या आपल्या नंबरला भागते, तिला 'प' म्हणू. आता १, २, ४, ८ असं दुप्पट करत जायचं आणि दर वेळी 'प' ने भागून फक्त बाकी ठेवायची. ३२ वेळा दुप्पट केलं की बाकी 'उणे १' येणार, कारण त्यात १ मिळवला की पूर्ण भाग जातो असंच आपण धरलंय. आणि ६४ वेळा केलं की उणे एकाचा वर्ग, म्हणजे १, म्हणजे फिरून पहिल्या जागी. ६४ च्या आधी कुठेच फेरी पूर्ण होत नाही, कारण ती आधी पूर्ण झाली असती तर ३२ व्या पावलालाही १ च आला असता. आता फर्माचं स्वतःचं एक प्रमेय आहे, की 'प' मूळ असेल तर 'प' वजा १ इतक्या वेळा दुप्पट केल्यावर बाकी १ यायलाच पाहिजे. म्हणजे 'प' वजा १ मध्ये ६४ च्या फेऱ्या पूर्णच्या पूर्ण बसल्या पाहिजेत. म्हणजे 'प' हा ६४ च्या पाढ्यातल्या आकड्यापेक्षा एकने जास्त असणार.

झालं, ६५४२ उमेदवारांची यादी एकदम चिंधी होते. ६५ बाद, ५ ने जातो. १२९ बाद. १९३ मूळ आहे, ठेवा. २५७ ठेवा. ३२१ बाद, ३८५ बाद, ४४९ ठेवा, ५१३ बाद, ५७७ ठेवा, ६४१ ठेवा. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा भागाकार आणि नंबर सापडला!

आणि पुढे १८७८ मध्ये लुका या फ्रेंच गणितीने दाखवलं की ६४ च्या जागी १२८ चा पाढा घेतला तरी चालतं. मग उरतात फक्त २५७ आणि ६४१. त्यातही २५७ ला बघायचीच गरज नाही, कारण ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचांचा गुणाकार केला की येतो ४२९४९६७२९५, आपल्या नंबरपेक्षा दोनने कमी (हो, तोच, ३२ बिटांच्या डब्याचा काठ!), मग यांच्यापैकी कोणीही आपल्या नंबरला भागत असेल तर त्याने २ ला पण भागलं पाहिजे, आणि विषम आकडा २ ला कसा भागणार. म्हणजे २५७ आपोआप कटाप. पहिलाच भागाकार ६४१ चा.

हे वाचल्यावर मला राहवेना आणि मी कागद घेतला. दहा आकडी भागाकार करायचाच नाही, त्यापेक्षा बाकीच धरून चालायचं. २ चा ८वा घात २५६, हा ६४१ पेक्षा लहान, तसाच ठेवला. त्याचा वर्ग ६५५३६, त्यातून ६४१ × १०२ म्हणजे ६५३८२ वजा केले, उरले १५४. हा झाला १६वा घात. आता १५४ चा वर्ग २३७१६, त्यातून ६४१ × ३६ म्हणजे २३०७६ वजा, उरले... मला पहिल्यांदा १०० आले. मी पाच मिनिटं ऑयलरवर संशय घेतला. मग दिसलं की २३७१६ च्या जागी मी २३१७६ लिहिलंय, आकडे उलटे पडलेत. परत केलं, २३७१६ वजा २३०७६, उरले ६४०. आणि त्यात १ मिळवला की ६४१. भाग गेला!

तीन ओळी. २५६, १५४, ६४०. नव्वद वर्षं टिकलेला अंदाज तीन ओळींत खलास.

याच्यापेक्षा पण छोटं दाखवता येतं, भागाकार अजिबात न करता, पण ते मला थोडं जादूच्या प्रयोगासारखं वाटतं. ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७वा घात. तोच ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ पण, म्हणजे ५ चा ४था घात अधिक २ चा ४था घात. आता ६४१ ने भागून उरणाऱ्या बाकीच्या भाषेत पहिल्यातून मिळतं की ५ गुणिले २ चा ७वा घात म्हणजे उणे १, त्याचा चौथा घात घेतला की ५ चा ४था गुणिले २ चा २८वा बरोबर १. दुसऱ्यातून मिळतं की ५ चा ४था म्हणजे उणे २ चा ४था. ते वरती घाला, उणे २ चा ३२वा बरोबर १, म्हणजे २ चा ३२वा अधिक १ बरोबर शून्य. पटतं, पण आधी उत्तर माहीत असल्याशिवाय हे कोणाला सुचणार? २५६, १५४, ६४० मला जास्त प्रामाणिक वाटतं.

आता प्रश्न असा की फर्माला हे जमलं कसं नाही. त्याच्याकडे सगळी हत्यारं होती. त्याच १६४० साली त्याने २ चा ३७वा घात वजा १ हा बारा आकडी नंबर, १३७४३८९५३४७१, फोडून दाखवला होता, त्याला २२३ ने भाग जातो म्हणून. अगदी याच युक्तीने, तिथे भाजक ७४ च्या पाढ्यापेक्षा एकने जास्त असावा लागतो, ७५ बाद, १४९ जात नाही, २२३ जातो. दुसऱ्याच प्रयत्नात! मग इकडे पाच भागाकार करायला काय झालं होतं? माझा आपला अंदाज असा की त्याने केले असणार, आणि कुठेतरी हातचा चुकला असणार, माझ्या २३१७६ सारखा. फरक एवढाच की मला ६४० यायला हवेत हे आधीच माहीत होतं, म्हणून मी परत केलं. त्याला तर जाऊच नये असं वाटत होतं, मग नाही गेला भाग तर कोण परत तपासतंय.

आणखी एक गोष्ट आहे ज्याने हा नंबर माणसाला चकवू शकतो. मूळ संख्या ओळखायची एक झटपट चाचणी फर्माच्याच प्रमेयातून निघते, की नंबर वजा १ इतक्या वेळा दुप्पट करा, शेवटी बाकी १ आली नाही तर तो नंबर मूळ नाही हे नक्की, आणि आली तर बहुतेक मूळ असावा. आता आपला नंबर वजा १ म्हणजे २ चा ३२वा घात, त्याला ६४ ने पूर्ण भाग जातो, आणि दुपटीची फेरी तर ६४ ची, म्हणजे बाकी १ च येणार. पठ्ठ्या पास! नुसता पास नाही, शंभरपैकी शंभर, आणि तरी खोटा. या घराण्यातले सगळेच नंबर दुपटीच्या चाचणीत असे पास होतात, मूळ असोत नसोत, त्यांची घडणच तशी आहे. तीच चाचणी २ च्या ऐवजी ३ घेऊन केली की लगेच पकडला जातो. ३ चा ३२ वेळा लागोपाठ वर्ग करायचा आणि दर वेळी बाकी ठेवायची, मूळ असता तर शेवटी १ आला असता, येतो ३०२९०२६१६०. हे मी कॉम्प्युटरवर केलं, खोटं कशाला बोलू, दहा आकडी नंबरचे ३२ वर्ग हाताने करायची माझी तयारी नाही. पण गंमत बघा, ही चाचणी एवढंच सांगते की नंबर मूळ नाही, अवयव कुठले ते अजिबात सांगत नाही. चोरी झाली हे नक्की, चोर कोण माहीत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग.

४२९४९६७२९७ हा दोन वर्गांची बेरीज आहे हे तर उघड आहे, ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. पण तो दुसऱ्या प्रकारे पण दोन वर्गांची बेरीज आहे, ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग. करून बघा, पहिला ३८७६८०५६९६, दुसरा ४१८१६१६०१, बेरीज तंतोतंत. (आणि तो २०४४९ स्वतःच १४३ चा वर्ग आहे, त्याचं काय करायचं मला माहीत नाही, पण दिसल्यावर सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

याचं महत्त्व असं की मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता आली तर ती फक्त एकाच प्रकारे येते. १३ म्हणजे ९ अधिक ४, दुसरा मार्ग नाही. दोन मार्ग सापडले की समजायचं हा मूळ नाही. आणि हे कोणाचं म्हणणं? फर्माचंच! १६४० च्याच २५ डिसेंबरला त्याने मर्सेन या फ्रेंच गणितीला लिहिलेल्या पत्रात दोन वर्गांच्या बेरजेची ही गोष्ट आहे, पुरावा पुढे परत ऑयलरनेच दिला. म्हणजे एकाच वर्षात एका हाताने अंदाज लिहिला आणि दुसऱ्या हाताने तो मोडायचं हत्यार लिहून ठेवलं.

बरं, दोन मार्ग सापडले की नुसतं मूळ नाही एवढंच नाही कळत, अवयवसुद्धा बाहेर काढता येतात. ६५५३६ वजा ६२२६४ म्हणजे ३२७२. २०४४९ वजा १ म्हणजे २०४४८. या दोघांचा मसावि ८. आता वजाबाकीच्या जागी बेरीज, ६५५३६ अधिक ६२२६४ म्हणजे १२७८००, आणि २०४४९ अधिक १ म्हणजे २०४५०, यांचा मसावि ५०. दोन्ही मसावि निम्मे करा, ४ आणि २५. त्यांचे वर्ग १६ आणि ६२५. बेरीज ६४१.

शाळेत मसावि काढताना मी दर वेळी विचार करायचे की याचा आयुष्यात उपयोग काय. तर हा.

ते ६२२६४ मला कुठून मिळाले असं कोणी विचारेल, तर शोधून नाही मिळाले, उलट्या बाजूने आले. ६४१ म्हणजे २५ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग. ६७००४१७ म्हणजे २५५६ चा वर्ग अधिक ४०९ चा वर्ग. आता तिरके गुणाकार करा. २५ × २५५६ म्हणजे ६३९००, ४ × ४०९ म्हणजे १६३६. यांची वजाबाकी ६२२६४, आणि बेरीज, मी हातचे धरत धरत लिहित गेले आणि कागदावर उमटलं ६५५३६. दुसरी जोडी, २५ × ४०९ म्हणजे १०२२५, ४ × २५५६ म्हणजे १०२२४. बेरीज २०४४९. वजाबाकी १. तो एक! इतके मोठमोठे गुणाकार करून शेवटी १०२२५ वजा १०२२४. तो नुसता 'अधिक १' म्हणून शेवटी चिकटवलेला वाटतो ना, तो आतून असा येतो, दोन मोठ्या गुणाकारांमधल्या एका केसाएवढ्या फरकातून. मी त्या रात्री हे तीनदा करून बघितलं, गरज नसताना.

६७००४१७ मूळ आहे हे कसं कळलं, तर तेच १२८ चं कोष्टक. त्याचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास, तिथपर्यंत १२८ च्या पाढ्यापेक्षा एकने जास्त असलेल्या मूळ संख्या बघायच्या, २५७ आधीच कटाप, उरतात ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. बाक्या येतात ४४, १२०, ३३४, ६२२. कोणीच शून्य नाही, विषय संपला. चार भागाकारांत सात आकडी मूळ संख्या सिद्ध, इतकं स्वस्त सहसा मिळत नाही.

झेरा कोलबर्न नावाचा एक अमेरिकन मुलगा होता, तोंडी हिशेबात अफाट, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे जाहीर कार्यक्रम व्हायचे. त्याला हाच नंबर विचारला आणि त्याने मनातल्या मनात ६४१ × ६७००४१७ सांगितलं अशी गोष्ट सांगतात, आठ-नऊ वर्षांचा असेल तेव्हा. कसं केलं हे त्याला सांगता यायचं नाही म्हणे. मी आकडे उलटे लिहिले तीही गोष्ट याच्याशेजारी ठेवते.

आता भूमिती. हा नंबर मूळ नसल्यामुळे भूमितीत एक दार बंद झालंय. गाउस या जर्मन गणितीने १७९६ मध्ये, एकोणीस वर्षांचाही नव्हता तेव्हा, दाखवलं की नुसती पट्टी आणि कंपास वापरून १७ समान बाजूंची आणि समान कोनांची आकृती काढता येते, आणि नंतर नियमच सांगितला की विषम बाजूंची अशी आकृती काढायची असेल तर बाजूंचा आकडा या घराण्यातल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनलेला असला पाहिजे. (असे आकडे चालतात हे गाउसने दाखवलं, दुसरे कुठलेच चालत नाहीत याचा पुरावा वांट्झेल या फ्रेंच गणितीने १८३७ मध्ये दिला.) माहीत असलेल्या अशा मूळ संख्या पाचच, ३, ५, १७, २५७, ६५५३७. म्हणजे विषम बाजूंच्या आकृत्या एकूण ३१, आणि त्यातली सगळ्यात मोठी पाचही गुणून येणारी, ४२९४९६७२९५ बाजूंची. परत तोच काठ! हर्मेस नावाच्या माणसाने ६५५३७ बाजूंच्या आकृतीवर दहाएक वर्षं घालवली, १८९४ मध्ये संपवलं, आणि ते हस्तलिखित ग्योटिंगेनला जपून ठेवलंय. मला त्याच्याबद्दल आदर वाटतो की कीव येते हे अजून ठरलेलं नाही.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट मला त्या रात्रीपर्यंत माहीतच नव्हती. पास्कलचा त्रिकोण घ्या, तो शाळेतला, वरच्या दोन आकड्यांची बेरीज खाली लिहायची तो. त्यात विषम आकड्याच्या जागी १ आणि सम आकड्याच्या जागी ० लिहा, आणि प्रत्येक ओळ बायनरी नंबर म्हणून वाचा. पहिली ओळ १. मग ११ म्हणजे ३. मग १ २ १ चं १०१ म्हणजे ५. मग १ ३ ३ १ चं ११११ म्हणजे १५. मग १७, ५१, ८५, २५५, २५७... हीच ती यादी! पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या विषम आकृत्या, बरोबर लहानापासून मोठ्यापर्यंत, एकही न गाळता. सुरुवातीच्या त्या १ नंतर ३१ ओळी हे असंच चालतं, शेवटची ओळ सगळे ३२ एकच्या एक, म्हणजे ४२९४९६७२९५. आणि त्याच्या पुढची ओळ? १, मग ३१ शून्यं, मग १. आपला नंबर. तिथे त्रिकोण म्हणतो घ्या पुढची आकृती, आणि भूमिती म्हणते नाही, ही नाही काढता येत, कारण ६४१.

एकतीस वेळा बरोबर येऊन बत्तिसाव्याला फसणारा पॅटर्न. फर्मा तर पाचावरच विश्वास ठेवून बसला होता.

एक छोटीशी अजून सांगते, मग थांबते. १ भागिले ६४१ करा. ०.००१५६००६२४०२४९६०९९८४३९९३७५९७५०३९ आणि मग परत पहिल्यापासून तेच. ३२ आकड्यांची फेरी. पहिले १६ आकडे आणि नंतरचे १६ एकाखाली एक मांडून बेरीज करा, सोळा ९ येतात. कारण १० चा १६वा घात ६४१ ने भागला की बाकी परत उणे १ येते. आणि वाटेत १० च्या ८व्या घाताची बाकी काढली तर येते १५४, तोच माझ्या कागदावरचा १५४, फक्त तिकडे तो २ च्या १६व्या घाताचा होता. कागदावर दोन वेगळ्या कोपऱ्यांत तोच आकडा दिसला तेव्हा मला आधी वाटलं परत काहीतरी चुकीचं उतरवलंय.

तर शेवटी मी तो प्रोग्राम दुरुस्त केला. ३२ बिटांच्या जागी ६४ बिटांचा डबा. रन केला तर ३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७, आणि मग १, १, १, १. अर्थातच. पुढचा नंबर १८४४६७४४०७३७०९५५१६१७, म्हणजे ६४ बिटांच्या काठापेक्षा परत बरोबर दोनने मोठा. तोही मूळ नाही, लँड्री नावाच्या फ्रेंच माणसाने १८८० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, दाखवलं की त्याला २७४१७७ ने भाग जातो. तिथे पाढा २५६ चा लागतो, आणि २७४१७७ त्या पाढ्यातला १०७१ वा. मी आठव्या-नवव्या उमेदवारापर्यंत गेले, २०४९, २३०५, आणि मग लॅपटॉप बंद केला.